पार्किंगमधला घेवडा

सोसायटीच्या सत्यनारायणाला शिरा हातावर पडला की सुदामराव आधी विचारतात, "या साखरेला पाणी किती लागलं असेल, अंदाज आहे?" गुरुजी एकदा म्हणाले, "प्रसादाला असं विचारू नये." "बरं, विहिरीला विचारतो," म्हणाले. शिरा मात्र दोनदा घेतला.

कोथरूडच्या आमच्या इमारतीत ते माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. पुढच्या पिढीतले पुणेकर काय खातील, ते पिकवायला जमीन आणि पाणी उरेल का, याचं मॉडेल ते एका संस्थेत संगणकावर बनवतात. "गृहीत धरू" हे त्यांचं पालुपद. लिफ्ट बंद पडली की बाकी सगळे माझ्या नावाने, म्हणजे सेक्रेटरीच्या नावाने, खडे फोडतात. हे म्हणतात, "गृहीत धरू, पाय आहेत."

मॉडेलचा नकाशा त्यांनी मला एकदा कौतुकाने दाखवला. इमारती करड्या, शेती हिरवी. सगळं कोथरूड करडं आणि मध्येच एक हिरवा चौकोन.

"अहो, ही आपली इमारत! इथे कसली शेती?"

"घेवडा."

"चुकलंय. दुरुस्त करा."

"करू."

केलं नाही. ती चूक त्यांच्या साहेबांनाही सापडली. दुरुस्त करा, नाहीतर अहवालावर नाव राहणार नाही, असं त्यांनी बजावलं. इतक्या वर्षांचं काम! खाली कट्ट्यावर आम्ही या हट्टावर पोटभर हसलो. सगळ्यात मोठ्याने मीच.

अहवाल छापून आला. गुळगुळीत कागद, कोथरूड निखळ करडं, आणि नावांच्या यादीत सुदामराव नाहीत. मी तणतणत वर गेलो. "एका चौकोनापायी? कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

ते खिडकीतून पार्किंगकडे बघत होते. "आबांचं, माझ्या वडलांचं, रान होतं इथं. बिल्डरला द्यायला ते तयार नव्हते. मी नुकता शेतकी शिकून आलेलो. आकडे मांडून दाखवलं त्यांना, आबा, हितनं पुढं शेतीत काय राहिलं नाय. माझं पहिलं मॉडेल ते. आबांनी विश्वास ठेवला, सही केली. एकदा पुसलंय. दुसऱ्यांदा हात धजेना."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. त्या रानावर आता माझी गाडी उभी असते. अजूनही तिथेच लावतो, दुसरी जागा नाही.

काल गाडी लावत होतो, तर खिडकीतून आवाज आला, "सावकाश घ्या. गृहीत धरा, डाव्या हाताला वाफा आहे."

मी गाडी उजवीकडे घेतली.