फुस्स पिस्तुलाचा पहारा

एका जंगलात, बाळांनो, चोराची भीती कुणालाच नव्हती. भीती होती ती आवाजाची. तेव्हा खिदळणं बंद करा बघू, नाहीतर तिथल्या राणीसाहेब जाग्या होतील!

तिथं काटेराव नावाचं साळिंदर राजतळ्यावर पहाऱ्याला होतं. तळ्यात राणीसाहेबांची लाडकी बदकं. बदकं गेली की नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर मिळालेलं बीळही गेलं! पण काटेरावांकडे पिस्तूल होतं. कोल्हे दिसले की हवेत ठो! ठो! ठो! कोल्हे शेपूट घालून पळत सुटायचे.

फक्त राणीसाहेब सिंहीणबाईंची दुपारची झोप मोडायची.

"अहो काटेराव, पहारा करा की! नको कोण म्हणतंय? पण जरा हळू!"

झालं! दरबारचा कारागीर सुतारपक्षी उडत आला. त्यानं पिस्तुलाच्या तोंडाला हा एवढा जाडजूड सायलेन्सर बसवला. "आणि गोळ्याही मवाळ घ्या," तो म्हणाला. "आवाजापेक्षा हळू, त्याच्या मागून रमतगमत जाणाऱ्या. म्हणजे कडाडणारच नाहीत."

राणीसाहेबांच्या पलंगाशीच चाचणी झाली. फुस्स! राणीसाहेब घोरतच राहिल्या. वाहवा! पेढे वाटले! दुसरी गोळी मात्र कुणीच झाडून पाहिली नाही. झोपलेल्या राणीपुढं दोनदा बार काढणं त्या दरबारात शिष्टाचाराला धरून नव्हतं.

आता पिस्तुलाचा स्वभाव ऐका. गोळी सुटली की तिच्या धक्क्यानं वरचा लोखंडी भाग मागं जायचा, रिकामी पुंगळी बाहेर भिरकावायचा, आणि पुढं येताना नवी गोळी आत घ्यायचा. पहिलीनं सणसणीत लाथ मारली तरच दुसरी जागेवर! आता लाथ झाली मवाळ, आणि वर तोंडाला ओझं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हे आले. काटेरावांनी ऐटीत चाप ओढला. फुस्स! वरचा भाग अर्ध्या वाटेत कुंथला आणि पुंगळी फटीत अडकली. पुन्हा चाप ओढला. ढिम्म!

"काही म्हणालात का, राव?" कोल्ह्यानं अदबीनं विचारलं.

"अरे मेल्या, गोळी झाडली मी!"

"अरेच्चा! कळलंच नाही हो. उद्या आधी सांगत चला, आम्ही पळू."

ओरडायला बदकांनाही बंदीच होती. ती मुकाट्यानं पोत्यात जाऊन बसली.

काटेराव रडतच दरबारात गेले. "राणीसाहेब, मेलो! तळं रिकामं झालं! माझं बीळ तेवढं काढून घेऊ नका!"

"हळू बोला हो," राणीसाहेबांनी जांभई दिली. "एवढी मोठी चोरी, आणि जरासुद्धा आवाज नाही? याला म्हणतात पहारा! बीळ तुमचंच. उद्यापासून आमच्या पलंगापाशी पहारा करा. हेच पिस्तूल घेऊन!"

काटेरावांनी आनंदानं गिरकी घेतली. बाहेर खिडकीखाली कोल्हे रिकामं पोतं घेऊन उभे होते. चपला काढून हातात घेऊन.

तात्पर्य: लाथ बसल्याशिवाय पुढचं काम होत नाही, हे पिस्तुलाला कळतं, म्हणून ते बिचारं अडतं. तुम्ही अडू नका, बाळांनो. काम खुशाल बिघडवा. फक्त वरच्यांची झोप बिघडवू नका.