मिस प्रिडींची किटली

शब्दांच्या बाबतीत आमच्या गावात माझा हात धरणारा कोणी नव्हता. अठ्ठावीस वर्षं शाळकरी मुलांसाठी इंग्रजी शब्दकोश करतोय. एक अर्थ चुकला असेल तर दाखवा!

त्या वर्षी मी 'बी' अक्षरात होतो. नोव्हेंबरचं धुकं कचेरीच्या खिडकीला नाक लावून बसलं होतं, आणि माझ्यापुढे 'ब्लेम'ची चिठ्ठी. अर्थ चुटकीसरशी लिहिला: वाईट घडलं की त्यासाठी कोणाला तरी जबाबदार धरणे. आता वापर दाखवायला एक वाक्य हवं होतं. ते जुळवण्यात मी असा रमलो, की गॅसवर मीच ठेवलेली किटली आटून काळीठिक्कर पडली.

किटली मिस हेस्टर प्रिडींच्या आईची. मिस प्रिडी आमची मुद्रितं तपासायच्या. चारच्या चहाला केकचा मोठा तुकडा माझ्याच बशीत पडायचा, आणि नाताळात त्यांना लग्नाचं विचारायचं मी ठरवलं होतं.

किटली त्यांची, तेव्हा विसरल्याही त्याच, असं कचेरीनं ठरवलं. मी गप्प राहिलो. गप्प राहून चिठ्ठीकडे वळलो आणि समोर दिसलं ते लिहिलं: 'किटली जळाल्याचा दोष सर्वांनी मिस प्रिडींना दिला.' नाव नंतर बदलू म्हटलं. ते राहून गेलं.

कोश शाळाशाळांत गेला. मास्तरांनी ते वाक्य दहा-दहा वेळा लिहून घेतलं. वेल्समधल्या एका अख्ख्या वर्गानं पत्र पाठवून किटलीची खुशाली विचारली. पावाच्या रांगेत पोरं मिस प्रिडींना गॅस बंद केलात का म्हणून विचारू लागली. माझ्या बशीतला केक आटत आटत बिस्किटावर आला, मग बशीच आली नाही.

शेवटी धीर करून विचारलं, "मुद्रित तुम्हीच वाचलंत ना? मग खोडलं का नाहीत?"

"मी स्वल्पविराम बघते, मिस्टर टपनी. मजकूर ज्याचा त्याचा."

"निदान मला हाक मारायची."

"तीन दिवस ते पान टेबलावर ठेवलं होतं. वाटलं, तुम्ही याल."

वसंतात त्या बहिणीकडे समुद्रकाठी कायमच्या राहायला गेल्या.

दुसऱ्या आवृत्तीत मी वाक्य बदललं: 'किटली मिस्टर टपनींनी जाळली, दोष त्यांचाच होता.' ते पान, एक नवी किटली आणि नाताळात विचारायचं राहिलेलं सगळं लिहिलेलं एक पत्र टपालानं धाडलं.

आठवड्यानं पान परत आलं. समासात त्यांच्या जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मजकूर बरोबर.' सोबत माझं पत्रही होतं. त्यात दोन स्वल्पविराम दुरुस्त केले होते. लग्नाचं विचारलं होतं त्या ओळीला मात्र पेन्सिल लागली नव्हती.

मजकुरात त्या हात घालत नाहीत, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं म्हणा. किटली परत आली नाही, एवढ्या आशेवर मी अजून चहा पितो.