साडेआठ रिश्टरची सोयरीक

मुलगी देण्यापूर्वी मुलाचे घर पाहावे, अशी आपल्याकडे रीत आहे. तेच घर पाण्याखाली कसे दिसेल हे पाहण्याची सोय मात्र आजवर नव्हती, आणि त्यापायी समाजाचे केवढे नुकसान झाले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. ही उणीव साखरखेर्ड्याचे निवृत्त मुख्याध्यापक शंकरराव यांनी भरून काढली.

त्यांची मुलगी धम्मशीला पुण्याच्या एका संस्थेत सुनामीचे मॉडेल चालवते. समुद्राच्या तळाची खोली, किनाऱ्याची उंची आणि भूकंपाची ताकद सांगितली, की लाट कुठवर येईल आणि कोणाच्या अंगणात किती पाणी चढेल ते संगणक रंगवून दाखवतो. (साखरखेर्ड्याहून समुद्र साडेतीनशे किलोमीटरच्याही पलीकडे आहे. त्यामुळे मुलगी काय करते, या प्रश्नाला शंकरराव "कॉम्प्युटर" एवढेच उत्तर देत.)

तिच्यासाठी प्रसेनजितचे स्थळ आले. मुलगा शिक्षक, निर्व्यसनी, शिवाय धम्मशीलेला आधीपासूनच पसंत. घर मात्र रत्नागिरीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. शंकररावांची झोप उडाली. त्यांनी समुद्र एकदाच पाहिला होता, मुंबईला, आणि तेव्हा तो त्यांना विनाकारण हलताना दिसला होता.

"त्या घराचं मॉडेल काढ," त्यांनी फर्मावले.

"बाबा, ते लग्नासाठी नसते. धोक्याचे भोंगे कुठं लावायचे, लोकायनं कुठं पळायचं, हे ठरवायले असते."

"काऊन? पत्रिका आपण मानत नाही. मंग कशाच्या भरवशावर पोरगी देऊ? विज्ञानाच्याच ना?"

धम्मशीलेने लॅपटॉप उघडला. यात चूक कुठे आहे हे समजावून सांगायला तिला दोन सेमिस्टर तरी लागली असती.

पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळ, मकरानच्या समुद्रात नऊ रिश्टरचा भूकंप झाला, असे धरून तिने मॉडेल चालवले. (वाईटात वाईट तेच धरून चालणे, ही मॉडेलवाल्यांची आणि मुलीच्या बापांची समान कार्यपद्धती आहे.) निष्कर्ष: ओट्यावर छातीइतके पाणी. शंकररावांनी नकाशाची रंगीत प्रत काढून घेतली.

बैठकीला प्रसेनजित आणि त्याचे वडील भिकाजीराव रत्नागिरीहून आले. मध्यस्थ म्हणून शेजारचे उकंडराव होते. त्यांचा अनुभव मुख्यतः जुन्या ट्रॅक्टरांच्या सौद्यातला. पण सौदा तुटू द्यायचा नाही, हे तत्त्व सर्वत्र लागू पडते. पोहे झाले. शंकररावांनी नकाशा पसरला.

"हे तुमचं घर."

"निळं का?" भिकाजीरावांनी विचारले.

"बुडालं म्हणून."

भिकाजीराव लालबुंद झाले. "आमच्या चार पिढ्या तिथं नांदल्या. कुणाच्या वहाणेला समुद्राचं पाणी लागलं नाही. पत्रिकाच झाली की ही!"

हा शब्द शंकररावांच्या जिव्हारी लागला. "या घरात पत्रिका नसते, पाहुणे. ही आकडेमोड आहे."

"मग आकडा कमी करा! आम्ही हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. पण नऊचा भूकंप आमच्या माथी नको. आठ धरा."

येथे उकंडरावांना आपला विषय सापडला. "तुमचे नऊ राहू द्या, त्यायचे आठ राहू द्या. साडेआठावर मिटवा."

"भूकंपाचा भाव करता येत नसते, काका," धम्मशीला म्हणाली. पण दोन्ही बाजू तोवर राजी झाल्या होत्या. पुण्याच्या संगणकाचे उत्तर येईपर्यंत दोनदा चहा झाला. साडेआठात पाणी ओट्याच्या पायरीवर थांबले. उकंडरावांनी मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात धम्मशीलेची आई अन्नपूर्णाबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. "भूकंप झाल्यावर पाणी कवा येते वं?"

"चार-पाच तासानं."

"टँकरपेक्षा लवकर हाय मंग. आपल्या नळाले तर बारा दिवस लागतात."

"आई, खारं असते ते."

"माह्या माहेरी, संग्रामपुराकडं, विहिरीचं पाणीही खारंच असते."

मुलीकडची बाजू अशी आतूनच फितूर झाल्यावर भिकाजीरावांना जोर चढला. "आता तुमचं घर काढा."

साखरखेर्डा मॉडेलच्या हद्दीत येत नाही, असे धम्मशीलेने दोनदा सांगितले. पण न्याय म्हणजे न्याय. तिने नऊचा भूकंप दिला. साखरखेर्ड्यात पाणी शून्य. दहाचा दिला, शून्य.

भिकाजीराव त्या शून्यावर बोट ठेवून पुढे वाकले. मग सावकाश म्हणाले, "ज्या घरात सुनामीतसुद्धा पाणी येत नाही, तिथली मुलगी आम्ही करायची?"

ते उठून उभे राहिले. उकंडरावांनीही टोपी उचलली. धम्मशीलेने लॅपटॉप मिटला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले (ते कोणत्याही मॉडेलने वर्तवलेले नव्हते). शंकररावांना आपला नकाशा एकाएकी फार मोठा वाटू लागला. तो कुठे लपवावा, हे त्यांना सुचेना.

तेव्हा प्रसेनजित पहिल्यांदाच बोलला. (त्याला आतापर्यंत कोणी काही विचारले नव्हते, लग्न त्याचे होते, एवढाच त्याचा संबंध.)

"या नकाशात पांढरं काय आहे?"

"टेकडी," धम्मशीला म्हणाली. "तिथं पाणी पोचत नाही."

"आमच्या घरून चालत किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"आजीला घेऊन?"

तिने डोळे पुसले, त्याच्याकडे पाहिले. "वीस."

"आणि लाटेला चार तास. मग तर आजी वाटेत दोन घरी चहा घेईल." तो वडिलांकडे वळला. "बाबा, बसा खाली. जमलं."

शंकररावांनी नकाशाची घडी घातली आणि जावयाच्या हातात दिली. "पोरगा हुशार हाय," ते उकंडरावांच्या कानाशी म्हणाले.

"हाव. पण साडेआठ म्या जमवले."

लग्न साखरखेर्ड्यातच लागले. पाहुण्यांसाठी टँकर मागवला होता. तो वेळेवर आला, याची पंचक्रोशीत अजून चर्चा आहे. ती टेकडी घराच्या कोणत्या अंगाला आहे, म्हणजे पळायचे कुठे, हे मात्र या कथेत सांगायचे राहून गेले. वाचकांपैकीही कोणी ते विचारले नाही. सगळे लग्न जमते की नाही, तेवढेच पाहत होते.