गोधडीची मागची बाजू

द्रौपदीचा पाय मोडला तो नेमका प्रदर्शनाच्या आठवड्यात. बचत गटाने भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या हॉलमध्ये गोधड्या मांडल्या होत्या आणि तिची गोधडी पहिल्याच दिवशी नाशिकच्या एका बाईंनी पसंत केली होती. घरी भिंतीवर लावणार म्हणे. शेवटच्या दिवशी त्या गोधडी घेऊन जाणार, आणि द्रौपदी इकडे दिघाशीला खाटेवर, पायाला प्लास्टर.

"अवो, एक फोटू तेवढा आना," ती नवऱ्याला म्हणाली. "चाळीस वर्सं माजी शिवन घरातच पांघरली. एकदा टांगलेली बघायचीय. येवढंच काम हाय, त्यात शानपना करू नका."

"फोटो काढायला कसला आलाय शानपना?" दत्तू म्हणाला आणि मुलाचा जुना मोबाइल खिशात घालून निघाला.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. दत्तूने बत्तीस वर्षं लूमच्या कारखान्यात कापड तपासलं होतं. कापडाचा तागा समोर आला की आधी उलटा करायचा, आणि कुठे दोष दिसला की म्हणायचं, "माल खोटा हाय." घरी जेवणाचं ताटसुद्धा तो एकदा उचलून खालून बघायचा, आणि द्रौपदीने त्यावर बोलणं कधीच सोडलं होतं.

हॉलमध्ये दोऱ्यांवर चाळीस गोधड्या टांगल्या होत्या. दत्तूने दारातल्या पहिल्याच गोधडीचा कोपरा धरला. गटाची मृणाली पांढरे हातमोजे घालून धावत आली.

"काका, हात लावायचा नाही. पाटी वाचा ना."

"बरं. मग तू उलटी कर."

"फोटो पुढून काढतात, काका."

"पुढून कापड नखरे करतं. खरं काय ते मागून बोलतं. कर उलटी."

मृणालीने वैतागून गोधडी फिरवली. ती कोन गावच्या गोदूमावशींची होती आणि मावशी बाजूलाच चहा पीत उभ्या होत्या. चहा तसाच हातात राहिला. "अगं बाय, ही तर माज्या सासूची नऊवारी," त्या म्हणाल्या. "मीच लावली आन मीच इसरले." त्यांनी त्या जुन्या काठावर हात फिरवला आणि तिथेच रडायला लागल्या. मृणालीला पाटीची आठवण करून देणं जमलं नाही.

मग काय विचारता? "माजीपन फिरव," "माज्या मागं आईचं पातळ हाय," असं करत अर्ध्या तासात अख्खं प्रदर्शन पाठमोरं झालं. बायका एकमेकींना बोट दाखवून हे कुणाचं, ते कुणाचं सांगत होत्या. नावाच्या चिठ्ठ्या पुढच्या बाजूला टाचलेल्या, त्या भिंतीकडे गेल्या. दत्तू एकेका गोधडीचा फोटो काढत पुढे सरकत होता.

तेवढ्यात नाशिकच्या बाई आल्या. "अहो, माझी कुठली?" मृणाली घामाघूम होऊन चिठ्ठ्या शोधायला लागली. दत्तू मात्र एका गोधडीपुढे थांबला होता तो हललाच नाही. पुढच्या बाजूला गटाने दिलेलं नवं कापड होतं, पण मागे मुलाची, विशालची, शाळेची चड्डी होती, दत्तूच्या आईचं लुगडं होतं, आणि मधोमध निळा शर्ट, खिशासकट. त्याचा ड्युटीचा पहिला शर्ट. तो बोहारणीला देऊन द्रौपदीने पातेलं घेतलं, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

"हीच असणार माझी. पॅक करा," बाई म्हणाल्या.

"ही द्यायची न्हाय."

"पैसे भरलेत मी. तुम्ही कोण?"

"हा शर्ट माजा हाय."

बाईंनी शर्टाकडे पाहिलं, मग दत्तूच्या पोटाकडे. त्यांचा विश्वास बसला नाही. पण दत्तूने गोधडीला जी मिठी मारली ती सोडेना. शेवटी मृणालीने पैसे परत केले, आणि मन बदललं तर असावा म्हणून बाईंनी आपला पत्ता देऊन ठेवला.

संध्याकाळी द्रौपदीने मोबाइलवर चाळीस पाठी पाहिल्या. मग दत्तूने मोठ्या प्रेमाने गोधडीच तिच्या मांडीवर ठेवली.

"ह्ये काय केलंत?" ती म्हणाली. "माजं काम एकदा कुनाच्या तरी भिंतीवर लागलं असतं. तुमी ते परत पांघरायला आनलंत."

"अगं, पन माजा शर्ट..."

"शर्ट मागं लावला तो कुनी बघू नये म्हनून. तुमी मागून बघता ह्ये ध्यानातच न्हाय आलं." तिने कात्री मागवली, शर्ट उसवून त्याच्या हातात दिला आणि तिथे जुन्या चादरीचा तुकडा लावला. "आता उद्या जाऊन नाशिकला पोचती करा."

दत्तू मान खाली घालून नाशिकला गेला. बाईंनी गोधडी हातात घेतली आणि आधी उलटी केली.

"शर्ट कुठाय?"

"घरगुती कारनानं काढला."

"मग मला नको. माझ्या वडिलांचा अस्साच होता. ते गेल्यावर मी तो फेकून दिला. तुमचा बघितला आणि मला झोप लागली नाही हो."

दत्तूने पिशवीतून शर्ट काढला. घरी ठेवून यायला त्याचंही मन झालं नव्हतं. बाईंनी सुई-दोरा आणून दिला. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कापडातली खोट काढणाऱ्या माणसाने जन्मात पहिल्यांदा सुई धरली.

दोन दिवसांनी बाईंनी फोटो पाठवला. गोधडी भिंतीवर होती, मागची बाजू पुढे करून. द्रौपदी बराच वेळ बघत राहिली. "लागली बाय एकदाची," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. मग दोन बोटांनी शर्ट मोठा करून पाहिला.

"ह्ये वाकडे टाके कुनाचे?"

"मला काय म्हाईत," दत्तू म्हणाला.

"माल खोटा हाय," द्रौपदी म्हणाली, आणि तो फोटो अख्ख्या बचत गटाला पाठवायला लावला.