हमीदभाईंचा काटा

कपातल्या चहात आधी काचेची नळी बुडवून, पेटीतला काटा बघून, मगच तो पिणारा माणूस मी एकच पाहिला. भूम गावचे, रेडिओ दुरुस्त करणारे हमीदभाई.

उस्मानाबाद जिल्हा महाराष्ट्रात आला, त्याच्या आगेमागेची गोष्ट. एसटी स्टँडवर शेंगदाणे विकत विकत मी स्वतःचं हॉटेल काढलं होतं. दुपारची गाडी गेली की स्टँड पेंगायचं. धुरळा उन्हात तरंगत राहायचा, लिंबाची सावलीही हलायची नाही. त्या गुंगीत हमीदभाई गळ्यात लाकडी पेटी अडकवून यायचे. पेटीत सेल आणि काट्याचं मीटर. त्याच्या तारांच्या टोकाला नळी, नळीत खडूच्या तुकड्याएवढी काळी कांडी. तिला ते थर्मिस्टर म्हणायचे.

"गरम झाली की विजेला जास्त वाट देते, सेठ. मग काटा सरकतो. बघू द्या मिजाज." आणि गिऱ्हाइकांदेखत जाहीर करायचे, "कोमट!"

"जीभ पोळंल की!"

"जबान झूट बोलते, सेठ."

माझं रक्त उसळायचं. कारण ती कांडी माझीच होती. हॉटेलातला रेडिओ दुरुस्तीला दिला, तेव्हा ह्यांनी ती काढून तिथं दुसरं काहीतरी जोडलं. रेडिओ वाजत होता, पण म्हणून काय झालं? घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडी घेत नाही, आणि माझा माल परस्पर गेला! तो राग अजून आहे.

"परत द्या," म्हटलं की म्हणायचे, "देतो की. काम बाकी आहे."

कसलं काम? बर्फ आणि माझ्या किटलीतली उकळी वापरून त्यांनी मीटरवर खुणा केल्या. मग विहीर मोजली, एसटीचं बॉनेट मोजलं. कुणाच्या घरी बाळंतीण असली की हे न्हाणीच्या दारात हजर. बायका तांब्या उगारायच्या.

एका सकाळी माझं डोकं फिरलं. तडक त्यांचं घर गाठलं. अंगणात चुलीवर पाणी तापलं होतं. वाफेत घर अधांतरी वाटत होतं. हमीदभाईंच्या बायको, भाभी, पाय लांब करून पाटावर बसल्या होत्या. बाळंतपणाला आलेली लेक बाळाला छातीशी घट्ट धरून उभी होती. बादलीत माझी कांडी!

"काढा ती आधी!" मी ओरडलो.

"हळू, सेठ." हमीदभाई जवळ आले. "हिच्या बोटांना गरम-गार कळत न्हाय. तापला तवा धरला तरी कळत न्हाय. पोरगी बाळाला हिच्या हाती देईना. म्हणून गावभर बाळांच्या पाण्याचा मिजाज बघत फिरलो."

भाभींच्या बोटांवर भाजल्याचे पांढरे डाग होते. त्या बादलीत थोडं थोडं गार पाणी ओतत होत्या. काटा मीटरवर बाळाच्या पाण्यासाठी आखलेल्या दोन तांबड्या रेघांच्या मधे आला, थरथरला, थांबला.

"बघ, बेटी," त्या म्हणाल्या.

लेकीनं पाणी बघायला हात पुढं केला. वाफेत तो क्षणभर तसाच राहिला. मग तिनं आईच्या तोंडाकडं बघितलं, हात मागं घेतला, आणि बाळाला अलगद तिच्या पायांवर पालथं घातलं.

पहिल्या धारेला बाळ दचकलं, रडलं, मग पाण्याच्या आवाजात गप्प झालं. भाभी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हमीदभाई पेटी पोटाशी धरून उभे होते. काट्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं.