किल्ली कोणालाही देऊ नये

"आज संध्याकाळी या घरात सुरक्षाप्रमुख जेवायला बसेल!" बंदोबस्तरावांनी आरशासमोर उभं राहून जाहीर केलं.

"मग तुम्ही कुठे बसणार?" बायकोने आतून विचारलं.

बंदोबस्तराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ऑफिसातल्या संगणकांची राखण त्यांच्याकडे होती आणि त्यांना कुलपांचा भलताच सोस होता, म्हणून ऑफिसने ते ठेवलेलं. गेली सहा वर्षं हा माणूस झेरॉक्स मशीन आणि पाण्याचा कूलर यांच्यामधल्या फटीत बसत होता. एका बाजूने ऊब, दुसऱ्या बाजूने शिंतोडे! सुरक्षाप्रमुखाला मात्र केबिन मिळणार होती. दार असलेली केबिन! दुपारी तीन वाजता मुख्य कार्यालय व्हिडिओवरून मुलाखत घेणार होतं. बंदोबस्तरावांना आपली निवड इतकी पक्की वाटत होती की केबिनच्या दारासाठी त्यांनी पितळी पाटीसुद्धा करून आणली होती.

"अगं, जेवायला तोच बसेल ना! मीच तो!"

"आधी होऊ तर द्या," बायको म्हणाली आणि तिने त्यांच्या हातात डबा दिला.

बंदोबस्तरावांचा हुकमाचा एक्का होता प्रॉक्सी. ऑफिसातली सगळी मंडळी इंटरनेटवर जातात ती या एका मशीनमधून. तेव्हा या मशीनलाच वेसण घालायची, असा त्यांचा बेत होता. त्याने कोणती फाइल वाचायची, कुठे लिहायचं, कोणत्या दाराने बाहेर पडायचं, याची यादी करायची. यादीत आहे ते चालू, यादीत नाही ते बंद! आणि खरी गंमत पुढे होती. हा नियम खुद्द मशीनच्या मालकालाही लागू. एकदा चढवला की बंदोबस्तरावांच्या बापालाही तो उतरवता येणार नव्हता. त्यासाठी सर्व्हर रूममध्ये जाऊन मशीन बंद करून पुन्हा चालू करावं लागणार होतं.

यादी बनवायला त्यांनी आठवडाभर मशीनला 'अडवू नकोस, फक्त नोंद कर' असं सांगून ठेवलं होतं. आठवड्यात प्रॉक्सी जे जे करेल ते ते यादीत जाणार. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बंदोबस्तरावांना राहवतंय कुठे! त्यांनी भिंतीवर मोठी सूचना लावली: 'या आठवड्यात प्रत्येक हालचालीची नोंद होत आहे.'

झालं! सगळं ऑफिस एकदम सज्जन झालं! एरवी सेलमधल्या चपला पाहणारा खरेदी विभाग शब्दकोश वाचत बसला. रोज मेहुण्याशी व्हिडिओवर तासभर गप्पा हाणणारे साहेब आठवडाभर फक्त हवामान पाहत होते. व्हिडिओचं तर कोणी नावच काढलं नाही. बंदोबस्तराव यादी पाहून खूश झाले. "किती छोटी! किती सुबक!"

एकच धोका होता, तो म्हणजे स्वतः बंदोबस्तराव. याआधी तीनदा त्यांनी असाच बंदोबस्त केला होता आणि तिन्ही वेळा साहेबांनी डोळे वटारताच दुपारच्या आत तो काढून टाकला होता. म्हणून या वेळी त्यांनी स्वतःचाच पत्ता कापला. सर्व्हर रूमची एकुलती एक किल्ली त्यांनी आवक-जावकच्या काकूंकडे दिली.

आवक-जावकच्या काकू म्हणजे ऑफिसात येणारं आणि ऑफिसातून जाणारं प्रत्येक पत्र नोंदवहीत चढवणाऱ्या बाई. नोंदवहीत नाही ते काकूंच्या लेखी जगातच नाही.

"काकू, लिहा. आज पाचच्या आत किल्ली कोणालाही देऊ नये. विशेषतः मला."

"विशेषतः तुम्हाला," काकूंनी लिहिलं. "साहेब आले तर?"

"कोणालाही! मी रडलो, पाया पडलो, तरी नाही! आणि काकू, जे लिहिलेलं नाही तेसुद्धा बंद समजायचं."

"लिहिलेलं नाही ते बंद." काकूंनी खाली रेघ मारली.

दहा वाजता नियम चढला. साडेदहाला बंदोबस्तरावांनी काकूंची चाचणी घेतली. आधी किल्ली मागितली, मग हात जोडले, शेवटी रुमाल डोळ्यांना लावून हुंदकेही दिले. काकू ढिम्म! "शाबास काकू! शंभरपैकी शंभर!" म्हणत बंदोबस्तराव शीळ घालत जागेवर परतले.

अकरा वाजता साहेब तणतणत आले. "अहो, माझा मेहुणा दिसत नाहीये!"

"नाहीच दिसणार साहेब!" बंदोबस्तराव आनंदाने म्हणाले. "व्हिडिओ वेगळ्या दाराने जातो. ते दार यादीत नाही!"

हे वाक्य बोलताना त्यांच्या मनात काहीतरी हलायला हवं होतं. पण ते पाटीला कुठल्या रंगाचे स्क्रू शोभतील याचा विचार करत होते.

पावणेतीनला त्यांनी भांग पाडला, कॉलर नीट केली आणि मुलाखतीच्या दुव्यावर टिचकी मारली.

'प्रवेश नाकारला.'

"वा!" बंदोबस्तराव उद्गारले. "काय चोख काम केलंय!"

आणि मग त्यांची ट्यूब पेटली. मुलाखत व्हिडिओवर होती. व्हिडिओ यादीत नव्हता. मोबाइलवरून जावं, तर दुवा फक्त ऑफिसच्या जाळ्यातूनच उघडेल असं मुख्य कार्यालयाने बजावलं होतं. बंदोबस्तराव धावत सुटले.

"काकू! किल्ली!"

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "पाच वाजता."

"अहो काकू, माझी मुलाखत आहे! दहा मिनिटांत!"

"हे छान आहे," काकू म्हणाल्या. "सकाळी तुम्ही असं कारण दिलं नव्हतं."

"कारण नाही हो! खरंच आहे! हे बघा, मला घाम फुटलाय!"

"घामही छान. सकाळचं रडणं अगदीच बेगडी होतं."

बंदोबस्तरावांनी गुडघे टेकले. त्यांच्या डोळ्यांतून खरोखरचं पाणी आलं. सहा वर्षांची फट, झेरॉक्सची ऊब, कूलरचे शिंतोडे, सगळं त्यांनी काकूंना ऐकवलं. काकूंचा चेहरा हळवा झाला. त्यांनी ड्रॉवर उघडला, आतून स्वतःचा रुमाल काढून त्यांना दिला आणि ड्रॉवर पुन्हा बंद केला.

"काकू, समजा आत आग लागली, तर?"

"आगीचं लिहिलेलं नाही," काकू म्हणाल्या. "म्हणजे बंद."

गडबड ऐकून साहेब आले. त्यांना मेहुणा हवा होताच! "काकू, माझी आज्ञा आहे. किल्ली द्या!"

काकूंनी नोंदवही फिरवून पुढे केली. "इथे सही करा."

साहेबांनी ऐटीत सही ठोकली. "द्या आता."

"ती किल्ली नाकारल्याची सही होती," काकू म्हणाल्या. "दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटं."

बंदोबस्तराव मागच्या खिडकीकडे पळाले. खिडकीला जाड गज होते. गेल्याच महिन्यात त्यांनी स्वतः उभं राहून बसवून घेतले होते. गजांतून त्यांना प्रॉक्सी दिसला, हिरवे दिवे लुकलुकवत मजेत बसलेला. ते हात घालून पाहत होते, तो काकूंच्या टेबलावरचा फोन वाजला. तीन वाजून पाच मिनिटं! मुख्य कार्यालय! बंदोबस्तराव खांदा चोळत परत धावले आणि काकूंच्या टेबलासमोर पुन्हा गुडघे टेकून बसले.

"हो, आहेत ना उमेदवार," काकू फोनमध्ये सांगत होत्या. "समोरच आहेत. गुडघ्यांवर."

"द्या! फोन द्या!" बंदोबस्तराव ओरडले.

काकूंनी फोनवर हात ठेवला आणि नोंदवही पाहिली. "फोन द्यायचं लिहिलेलं नाही."

"अहो, फोनला कोणी नाही म्हटलंय!"

"हो म्हटलेलंही नाही," काकू म्हणाल्या आणि पुन्हा फोनकडे वळल्या. "बोला. विचारा. मी सांगते."

पलीकडचा आवाज खणखणीत होता. सगळ्यांना ऐकू येत होता. "बाई, आमचे तिघे तज्ज्ञ सकाळपासून तुमच्या प्रॉक्सीत शिरायला बघताहेत. एकालाही जमलं नाही! हे कसं केलंत?"

"लिहिलंय ते चालू, बाकी बंद."

"आणि ज्याने नियम केला, त्यानेच सूट मागितली तर?"

"मागितली. सकाळी एकदा, आत्ता चारदा. नाही दिली."

"तुमच्या साहेबांनी?"

"नाही दिली. सही घेतलीय."

"आणि बाई, मी मागितली तर?"

काकूंनी शांतपणे नोंदवहीतलं सकाळचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. "तुमचंही नाव नाही इथे."

पलीकडे जोरात टाळ्या वाजल्या! तीन-चार जणांच्या तरी असतील!

ठीक पाच वाजता काकूंनी बंदोबस्तरावांची सही घेऊन किल्ली त्यांच्या हातात ठेवली. तोवर मुख्य कार्यालयाचं पत्र घेऊन माणूस येऊन गेला होता आणि काकूंनी ते पत्र आवकमध्ये चढवलंही होतं. स्वतःच्याच नेमणुकीचं!

घरी बायकोने दारातच विचारलं, "झाली का निवड?"

"झाली," बंदोबस्तराव बूट काढत म्हणाले. "माझ्या पद्धतीची झाली."

बायकोला कळलं. तिने त्यांना दोन घास जास्त वाढले.

दुसऱ्या दिवशी केबिनबाहेर स्टुलावर उभं राहून बंदोबस्तराव पाटी बसवत होते. करून आणलेली पाटी वाया घालवायची कशाला! घाईत नाव कोरायचं राहून गेलं होतं, नुसतं 'सुरक्षाप्रमुख' एवढंच होतं, हे एक बरंच झालं म्हणायचं. शेवटचा स्क्रू पिळून ते खाली उतरले.

"काकू, आत येऊन बघू का कशी दिसतेय केबिन?"

काकूंनी नोंदवही उघडली.