फेसाचा वैरी

आमच्या शेजारचे काशीदादा दुधाला कान लावतात. हे मी अलंकारिक बोलत नाही. स्टीलच्या भांड्याशेजारी मान वाकडी करून, डोळे मिटून, उजवा कान दुधाकडे करून ते खरोखर उभे राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांची मान धरली. मी घरातून तेलाची बाटली घेऊन धावले. त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला आणि म्हणाले, "थांबा बाई. दूध बोलतंय."

मी किन्हवलीच्या शाळेत इंग्रजी शिकवते. प्रश्न विचारला की माझ्या वर्गात भिंतीसुद्धा खाली माना घालतात. त्यामुळे कुणीतरी, निदान दूध तरी, बोलतंय याचं मला बरंच वाटलं.

दादांची सगळी नोकरी गावच्या दूध संकलन केंद्रावर झाली. उजाडायच्या सुमारास आजूबाजूच्या पाड्यांवरून किटल्या आणि कॅन घेऊन माणसं यायची, आणि दारात दादा उभे. दूध तपासायची साधनं होती, पण ती लोकांच्या समाधानासाठी. दादा अंगठ्याच्या नखावर एक थेंब घेत आणि निकाल तिथेच लागे. "हे काल सांजचं हाय. सकाळचं सांगू नको." समोरचा देवाच्या शपथा घ्यायचा. दादा शांतपणे म्हणायचे, "तुजी शपथ खरी असंल. पन दूध खोटं बोलत नाय."

त्यांचं खरं वैर मात्र पाण्याशी नव्हतं, फेसाशी होतं. काही हुशार मंडळी मापाला लावायच्या आधी दूध उंचावरून ओतत. वर चार बोटं फेस चढायचा आणि माप भरल्यासारखं दिसायचं. दादा माप समोर ठेवून नुसते उभे राहत. "थांब. फेस खाली बसू दे." मागे रांग वाढे, शहापूरची एसटी हॉर्न वाजवून निघून जाई, लोक चरफडत. दादा ढिम्म हलत नसत.

दादा निवृत्त झाले, पण त्यांचं हे वाक्य काही निवृत्त झालं नाही. कुणाच्या घरी लग्न मोडलं, पंचायतीत कुणी कुणाला पाडलं, माझ्या बदलीची अफवा उठली, काहीही सांगायला जा, दादांचं उत्तर ठरलेलं: "फेस खाली बसू दे, मग बोलू." आणि गंमत अशी की दोन दिवसांनी खरंच बोलण्यासारखं फारसं काही उरत नसे. मी स्वतः तोंडाची फटकळ आहे, त्यामुळे असा दम धरणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

म्हणूनच त्यांची एक चूकही सांगायला हवी. सगळ्या गावाला दम धरायला लावणाऱ्या या माणसाने पोटच्या मुलीच्या बाबतीत क्षणभर दम धरला नाही.

अश्विनी त्यांची एकुलती एक, माझी विद्यार्थिनी. पुण्यात शिकली आणि बँकेच्या परीक्षा द्यायच्या सोडून एका कॉफीच्या दुकानात लागली. वर्षभरात नव्या मुलांना तीच शिकवू लागली. सुट्टीत आली तेव्हा जेवताना उत्साहाने सांगत होती, वाफ सोडून दूध कसं फुलवायचं, ते कसं रेशमासारखं झालं पाहिजे, त्यासाठी हात किती महिने घासावा लागतो. दादा ताडकन म्हणाले, "दूध तापवायला शिकाय पुण्याला कशाला जायला पायजे? तुजी आय रोज तापवते."

अश्विनी रडली नाही की भांडली नाही. पानातलं संपवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच निघून गेली. पुढे दीड वर्ष तिचा फोन फक्त आईला. दादा शेजारी बसून ऐकत. "बाबांना दे" असं तिकडून येत नव्हतं आणि "हिकडं दे" असं इकडून निघत नव्हतं. बाप आणि लेक, दोघं एकाच मुशीतले.

या पावसाळ्याच्या शेवटी अश्विनीने पुण्यातली खोली सोडली. नव्या जागेत मैत्रिणींबरोबर अडचण होती, म्हणून तिने स्वतःचं कॉफीचं यंत्र एका ओळखीच्या टेम्पोने घरी पाठवलं. खोक्यावर चिठ्ठी: "आई, उघडू नका. मोठी खोली मिळाली की घेऊन जाईन."

दादांनी चिठ्ठीचा मान चार दिवस राखला. पाचव्या दिवशी दुपारी त्यांच्या घरातून अशी किंचाळी आली की माझ्या हातातली वही पडली. आळीतली कुत्री एका दिशेला आणि कोंबड्या दुसऱ्या दिशेला. मी धावत गेले तर दादा हातात भांडं घेऊन उभे, सदऱ्यावर दूध, भिंतीवर दूध, आणि अश्विनीची आई, सुमनवहिनी, कपाळाला हात लावून बसलेल्या.

"बगा बाई," वहिनी म्हणाल्या, "चुलीवर पाच मिन्टाचं काम. ह्यांना अर्धा तास लागतो, वर ते खटलं बोंबलतं ते येगळंच."

"दादा, हे अश्विनीचं ना? उघडू नका म्हणाली होती."

दादा भिंत पुसत राहिले. मग म्हणाले, "दिवाळीच्या आदी न्यायला येनार हाय. तवर मला एक कप जमला पायजे."

"कशाला?"

"मी तिला काय बोललो ते तुमाला म्हायती हाय. तोंडाने माफी मागायला मला जमत नाय, बाई. कप तरी नीट पुढं करीन."

यावर मी, फटकळ बाई, दुसरं फडकं घेऊन भिंत पुसू लागले.

मग सुरू झाली शिकवणी. पहिलं संकट असं की न उकळलेलं दूध माणसाच्या तोंडी लावणं हे दादांच्या लेखी पाप. यंत्राला मात्र थंडगार दूध लागतं आणि ते हाताला सोसेल इतपतच तापवायचं असतं. दादांनी तोड काढली. दूध आधी चुलीवर उकळायचं, फ्रिजमध्ये गार करायचं, मग पुन्हा यंत्राखाली धरायचं. तत्त्व बरोबर, पण दादा साय विसरले. सायीचा तुकडा वाफेच्या नळीच्या भोकात जाऊन बसला आणि यंत्राचा श्वास कोंडला. गोधडीच्या सुईने ते भोक मोकळं करायला दादांना दीड तास लागला. त्या दिवसापासून दूध वहिनींच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळूनच पुढे जाऊ लागलं.

दुसरं संकट भाषेचं. फोनवर परदेशी माणसं दूध फुलवून दाखवायची. दादा फोन घेऊन माझ्याकडे आले. मी ऐकून सांगितलं, "तो 'स्ट्रेच' म्हणतोय, म्हणजे दूध ताणा." दादा माझ्याकडे बघत राहिले. "बाई, तुमी शाळेत असंच शिकवता?" त्यानंतर त्यांनी माझी नेमणूक रद्द केली. माणसाचं बोलणं सोडून फक्त दुधाचा आवाज ऐकायला लागले. ते कान लावणं इथून सुरू झालं. आठवड्याभरात त्यांनी मलाही शिकवलं: नळीचं टोक दुधाच्या अगदी वरच्या थरात असलं की जुना कागद हळूच फाडल्यासारखा आवाज येतो. तेवढीच हवा आत घ्यायची. मग टोक थोडं खाली न्यायचं, आवाज दबतो, दूध भोवऱ्यासारखं फिरू लागतं. किंचाळलं तर समजायचं, नळी चुकीच्या जागी आहे. दुसरा तळवा भांड्याला लावून ठेवायचा. चटका सोसेनासा झाला की बंद. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसायची आणि वाफ एकदा मोकळी सोडायची, म्हणजे आत दूध सुकत नाही.

दूधही त्यांनी गावोगावचं तपासलं. म्हशीचं जड वाटलं. मुरबाडच्या साडूंकडून बर्फात घालून आणलेलं एसटीत सांडलं. शेवटी शेणव्याच्या एका घरच्या गाईचं पसंत पडलं. बिघडलेल्या दुधाला वहिनी विरजण लावत, त्यामुळे त्या दीड महिन्यात आमच्या आळीत प्रत्येकाच्या पानात कढी होती.

आणि तरी कप काही साधेना. दूध सुरेख फुले, चकाके, मी म्हणायचे, "झालं!" आणि कॉफीत ओतताना बघावं तर वर कोरडा कापूस नि खाली पांढरं पाणी. चार दिवस आम्हाला कारण कळेना. पाचव्या दिवशी मी दादांच्या हाताकडे नीट पाहिलं. दूध तयार झालं की दादा भांडं ओट्यावर ठेवत आणि हात बाजूला घेऊन उभे राहत. ते फेस खाली बसायची वाट बघत होते! तीस वर्षांची सवय, त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता.

"दादा, ओता! लगेच ओता!" मी ओरडले.

"असं कसं? फेस खाली..." दादा मध्येच थांबले आणि मग इतके हसले की वहिनी बाहेर आल्या. जन्मभर ज्याच्याशी वैर केलं तोच आता हवा होता, आणि ताजा हवा होता.

त्यानंतर गाडी रुळावर आली. कॉफीवर दुधाची पानासारखी नक्षीसुद्धा उमटू लागली. पहिलं पान मला शहापूर तालुक्याच्या नकाशासारखं दिसलं, पण दहाव्या दिवशी ते पान पानासारखं होतं. मी सात पिढ्यांची चहाबाज, तरी सांगते, तो कप ओठाला लावला आणि मला दुसरा मागावासा वाटला.

अश्विनी आली त्या सकाळी दादांनी मला सातलाच हाक मारली. माझ्यासमोर लागोपाठ तीन कप केले. तिन्ही एकासारखे एक. दादांनी नवा सदरा घातला होता.

ती आली, आईच्या गळ्यात पडली, माझ्या पाया पडली. दादांकडे बघून "बरे आहात ना?" एवढंच म्हणाली. मग ओट्यावर मांडलेलं यंत्र दिसलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. दादांनी भांड्यात थंड दूध घेतलं, वाफ सोडली.

यंत्र किंचाळलं. पहिल्या दिवशी किंचाळलं होतं तसंच. दूध खदखदलं, बुडबुडे काठावरून खाली आले. मी दादांकडे बघत राहिले. दादांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. नळी पुसली, वाफ एकदा मोकळी सोडली आणि भांडं लेकीपुढे धरून म्हणाले, "नाय जमत, बाय. दीड म्हयना झाला. तू शिकव."

अश्विनीने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली. पुढचा तासभर त्या स्वयंपाकघरात तिचाच आवाज होता. "बाबा, टोक वर नको. बाबा, घाई नको. हात लावा इथं. आता ऐका." दादा पहिलीतल्या मुलासारखे मान हलवत होते, मुद्दाम चुकत होते, बोलणी खात होते. मधेच एकदा म्हणाले, "लय अवघड काम हाय गो. मी उगाच हलकं समजलो." अश्विनीने मान खाली घातली आणि भांडं उगाचच दोनदा धुतलं.

संध्याकाळी मी तिला एसटीपर्यंत सोडायला गेले. खोकं आमच्या दोघींच्या मध्ये होतं. गाडीला वेळ होता. ती म्हणाली, "बाई, बाबांना येतं. चांगलं येतं."

मी साळसूदपणे विचारलं, "कशावरून?"

"दूध बिघडल्यावर त्यांनी आधी नळी पुसली आणि वाफ मोकळी सोडली. न सांगता. शिकाऊ माणूस ते कधीच करत नाही. माझ्या दुकानातल्या मुलांवर त्यासाठी सहा-सहा महिने ओरडावं लागतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

गाडी वळणावर दिसली. अश्विनीने खोकं उचलून कडेवर घेतलं.

"तासभर ते माझं ऐकत होते, बाई," ती म्हणाली. "मी कशाला बोलू?"